उदबत्ती घेऊन कॅबिनेट बघणारे मिस्त्री

आमच्या घरात उन्हाळा बारा महिने असायचा. अहमदपूरच्या बाजारात वडलांची फुटाण्याची भट्टी होती, आणि भट्टीच्या मागच्या भिंतीला लागून आमची एक खोली. भट्टीची ती भिंत म्हणजेच आमच्या उशाकडची भिंत. आई कढईतली तापलेली वाळू झाऱ्यानं हलवायची, वडील चाळणीनं फुटाणे वेगळे करायचे, आणि मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून अभ्यास करायचे. आत बसलं की वहीवर घाम पडून शाई पसरायची. आईच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांचे हात असेच असतात.

हे कुणी कीव करावी म्हणून सांगत नाही. त्याच भट्टीवर मी शिकले. नांदेडला राहून बी.एस्सी. केलं, कॉम्प्युटर सायन्स घेऊन. आमच्या घरात बारावीच्या पुढं त्याआधी कुणी गेलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

उष्णतेबद्दल मला कुणी काही शिकवायची गरज नाही, असंही तेव्हा वाटायचं. ते वाटणं लातूरच्या एका माणसानं उतरवलं.

ते माझे घरमालक. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मी मामा म्हणायचे. उंच, काटकुळे, डाव्या कानानं ठार बहिरे. सगळी उमर त्यांनी डाळ मिलमध्ये ब्लोअर सांभाळण्यात घालवली होती. तूर भरडली की डाळ आणि टरफल एकत्र पडतं. ब्लोअरचा वारा असा बेताचा लावायचा, की टरफल उडावं आणि डाळ जागेवर राहावी. वारा वाढला तर डाळही जाते, कमी पडला तर मालात फोलपट राहतं. "मग वारा मोजायचे कशानं?" असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी उजवा तळहात माझ्या नाकासमोर धरला. "ह्यो काय मीटर."

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, कोण कोण भेटायला येणार हेही विचारलं नाही. गच्चीवर नेलं, वर पत्रे घातलेल्या विटांच्या खोलीचं दार उघडलं, खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि खोलीच्या मधोमध धरून उभे राहिले. मला वाटलं, देवभोळे दिसतात.

"बग, धूर कुठं चाललाय?"

"कुठंच नाही. वरच चाललाय."

"तेच दाखवायलोय. दार आन् खिडकी एकाच भिंतीला हाय. बांधताना माझं चुकलं. एरवी काही न्हाई, पण उन्हाळ्यात तुला लई तकलीफ होईल. मागून म्हणू नको मिस्त्रीनं सांगितलं न्हाई म्हणून."

स्वतःच्या खोलीतली खोट स्वतः दाखवणारा घरमालक मी त्याआधी बघितला नव्हता. तेवढ्यावरच खोली घेतली.

उदबत्तीचं हे वेड सगळ्या गल्लीला माहीत होतं. लग्नाच्या मांडवात गेले की जेवायच्या आधी उदबत्ती. दवाखान्यात भेटायला गेले की तिथंही, मग नर्स ओरडायची. मामी म्हणायच्या, "पुड्यातली निम्मी देवाला, निम्मी वाऱ्याला. देव एक दिवस जाब विचारणार हाय ह्यांना."

आणि कूलर. लातुरात उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो, आणि लोक काय करतात, गार हवा बाहेर जाईल म्हणून दारं खिडक्या गच्च लावून घेतात. मग थोड्या वेळानं अंगाला चिकचिक, भिंतींना ओल, आणि कूलरला शिव्या. मिस्त्रींना हे बघवायचं नाही. ते सरळ लोकांच्या घरात शिरायचे आणि मागची खिडकी उघडून यायचे. समोरच्या घरातल्या जावईबापूंनी एकदा त्यांचा हात धरला.

"अवो, कोण तुम्ही? घरात कामून शिरलाव?"

"खिडकी उघडायला."

"कूलर चालू हाय, दिसत न्हाई का?"

"दिसतंय म्हणूनच आलो. वारं पाहुण्यासारखं असतंय जावईबापू. एका दारानं यावं, दुसऱ्या दारानं जावं. तुम्ही त्याला मुक्कामाला ठेवून घेतलंय, मग ते वास मारणारच."

जावई त्या दिवशी खरोखरच पंधरा दिवसांच्या मुक्कामाला आलेले होते. त्या घराशी मामींचं बोलणं महिनाभर बंद होतं.

मी लातूरला का आले होते ते सांगते. इमारत बांधायच्या आधी ती आतून बाहेरून कशी दिसेल, याचा चालता देखावा कॉम्प्युटरवर करतात. दारातून आत जा, जिना चढा, खिडकीतून ऊन येताना बघा. हे मी नांदेडला असताना शिकले होते. लातूरच्या एका इंजिनिअरांनी थोडीफार चित्रं करायला दिली होती. त्या भरवशावर वडलांकडून सहा महिने मागून घेतले. वडील म्हणाले होते, "सहा महिने बग. न्हाई जमलं तर इथं झेरॉक्सच्या दुकानात बोलून ठेवलंय. सावलीतलं काम हाय." सावलीतलं काम, याच्यावर त्यांच्या दृष्टीनं काही नव्हतंच. पण मला दुसऱ्यांच्या मार्कमेमोच्या झेरॉक्स काढत बसायचं नव्हतं.

मशीन मी स्वतः जोडलं. सुटे भाग नांदेडच्या ओळखीच्या दुकानातून आणले. सगळे भाग विचार करून घेतले, पण कॅबिनेटला, म्हणजे ज्या पेटीत हे सगळं बसतं तिला, मी भुलले. पुढून काच, बाजूनं काच, आत रंग बदलणारे दिवे. आई-वडील कधी आलेच, तर त्यांना बघताक्षणी कळावं की पोरीचं काम काहीतरी मोठं आहे, एवढाच माझा हिशोब. मिस्त्री वर आले, पेटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ह्यात नवरी बसवायची हाय का?"

मला राग आला. मी म्हटलं, "मामा, हे तुमच्या ब्लोअरसारखं नसतं. याचं शास्त्र वेगळं."

"असंल बाई," ते म्हणाले. उदबत्ती मात्र त्यांनी पेटवलीच. काचेसमोर धूर सरळ छताला गेला. ते खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मामींनी पेटीला हळदकुंकू लावलं आणि धूळ बसू नये म्हणून स्वतः विणलेला दोऱ्याचा रुमाल वर टाकला, चारी बाजूंनी झालर सोडून. त्यांच्या टीव्हीला होता तसाच. मला तो इतका आवडला, की काम चालू असतानाही मी काढला नाही. मिस्त्रींनी तो बघितला आणि खालपर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "अगं, तोंडावर पदर घेऊन कुणी पळतंय का?"

हिवाळाभर ते सगळं खपून गेलं. मग मे महिना आला, आणि मे महिन्यातच इंजिनिअरांनी मोठं काम दिलं. एका मंगल कार्यालयाचा पूर्ण देखावा. सोमवारी सकाळी त्यांचं गिऱ्हाईक येणार होतं. "हे जमवलंत तर इथून पुढं आपली सगळी कामं तुमच्याकडं," ते म्हणाले. माझ्या सहा महिन्यांतले पंधरा दिवस उरले होते.

देखावा मी तयार केला. पण तो शेवटी मशीननं एकेक चित्र करून काढायचा असतो, आणि त्याला सलग चाळीस तास लागणार होते. मंगळवारी दुपारी दोनला मशीन बंद पडलं. मी रुमाल काढला. बुधवारी दुपारी परत बंद पडलं. आतल्या तापमानाचा आकडा शंभरपर्यंत जायचा आणि मशीन स्वतःला वाचवायला खटकन विझायचं. रात्री चालायचं, पण दुपारी विझलं की झालेलं काम वाया जाऊन पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. पेटीच्या काचेला हात लावला तर भट्टीच्या भिंतीची आठवण यावी अशी ती तापायची.

मिस्त्री दारात उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं ना. ते म्हणाले, "पेटी बदलून मिळती का?"

"नांदेडला मिळेल."

"मग उद्या पहिल्या गाडीनं चल. मी येतो."

गुरुवारी काचेची पेटी रिकामी करून, ती घेऊन आम्ही नांदेडच्या दुकानात. काउंटरच्या पलीकडं मशीनं मांडून ठेवलेली, सगळी चालू, गिऱ्हाइकाला बघायला. मिस्त्रींनी खिशात हात घातला, आणि काय होणार ते मला कळलं. कॉलेजची दोन पोरं तिथं उभी होती, त्यांनी हसून मोबाइल काढला. मी, खरं सांगते, दोन पावलं बाजूला सरकले, जणू त्यांच्यासोबत नाहीच.

दुकानदारभाई धावत आले. "चचा, क्या कर रहे आप? दुकान में धुआँ नक्को करो!"

"खरीदनाच है भाई. जरा सबर करो," मिस्त्री त्यांच्या मोडक्या दखनीत म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तू तिकडं कामून उभी? माल तुझा हाय. जवळ ये."

मला जवळ जावं लागलं.

पहिली माझ्या पेटीसारखीच, काचेच्या तोंडाची. धूर वर. दुसरीला पुढं जाळी होती, मला ती पसंत पडली. पण धूर जाळीजवळ जाऊन घुटमळला आणि परत फिरला. मिस्त्रींनी जाळीतून बोट घालून बघितलं. मागं प्लास्टिकचा सलग पत्रा. "जाळी दाखवायला, आत भिंत," ते म्हणाले. भाईंनी मान दुसरीकडं वळवली.

तिसरी कोपऱ्यात होती. काळी, बोजड, एकही दिवा नाही. पूर्ण तोंडाला बारीक जाळी, तिच्यामागं दोन मोठे पंखे. उदबत्ती समोर धरली आणि धूर वाकला. सुईत दोरा ओढावा तसा सरळ आत गेला, आणि क्षणभरानं पाठीमागच्या पंख्यातून बाहेर पडला. मोबाइलवाली पोरं हसायची थांबली.

मिस्त्रींनी तळहात पाठीमागं धरला. "गरम येतंय. चांगलं हाय."

"गरम येतंय तर चांगलं कसं?" मी विचारलं.

"आतली गरमी घेऊनच बाहेर पडायलंय ना. मागून गार हवा आली असती तर समजायचं, नुसती हिंडून आली, कामाला हात लावला न्हाई." मग भाईंना म्हणाले, "धूल किधर अटकती?" भाईंनी खालून एक पातळ जाळी ड्रॉवरसारखी ओढून काढली, धुऊन परत बसवता येणारी. मिस्त्रींनी ती उजेडात धरून बघितली, आपल्या धोतराला पुसली आणि तीन वेळा आत-बाहेर करून खात्री केली. शेवटी मला म्हणाले, "आतलं तुझं सामान पंख्याला टेकणार न्हाई ना, तेवढं मोज. दाराच्या तोंडाशी पोतं ठेवल्यावर वारं कुठून जाईल?" मी मोजलं. चार बोटं जागा राहत होती. भाईंनी काचेची पेटी परत घेतली आणि निघताना म्हणाले, "चचा, अगली बार अगरबत्ती दुकान की तरफ से."

परतीच्या एसटीत पेटी मिस्त्रींच्या मांडीवर होती. गाडी लोह्याला पोचेपर्यंत त्यांनी निम्म्या प्रवाशांना जागेवरून हलवलं. पुढच्या दोन खिडक्या अर्ध्या लावा, मागच्या पूर्ण उघडा, ताई तुमची पिशवी खिडकीतून काढा. कंडक्टर म्हणाला, "बाबा, तिकिटं बी तुम्हीच फाडताव का?" पण मागच्या बाकावर रडणारं लेकरू झोपलं, तेव्हा त्यानंही आपल्या बाजूची खिडकी उघडली.

निघताना फोन केला होता, म्हणून अहमदपूरच्या स्टँडवर वडील फुटाण्याची पुडी घेऊन आले होते. गाडी दहा मिनिटं थांबणार होती. त्यांनी पेटीकडं बघितलं, जाळीवरून हात फिरवला.

"इकडून हवा आत, तिकडून बाहेर?"

"बरोबर," मिस्त्री म्हणाले.

"मग भट्टीसारखंच की. भट्टीला तोंड पायजे आन् धुराडं बी पायजे. एक बुजलं तर दुसऱ्याचा काही उपेग न्हाई."

मिस्त्रींनी मांडीवरच्या पेटीवर थाप मारली. "बग पोरी! तुझ्या बापाला भट्टीवर कळलं. तुला पदवी घेऊन कळलं न्हाई."

वडील ओशाळे झाले. "तसं काही न्हाई मिस्त्री, ती हुशार हाय." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाईट वाटलं ते मिस्त्रींच्या बोलण्याचं नाही. अठरा वर्षं त्या भट्टीशेजारी काढून मी वडलांना तिच्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, त्याचं.

संध्याकाळी मशीन नव्या पेटीत बसवलं. रात्रभर चांगलं चाललं. शुक्रवारी दुपारी, दोनच्या ऐवजी तीनला, परत विझलं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. आता सोमवार काही गाठत नव्हता. मिस्त्री वर आले, त्यांनी तळहात या वेळी पेटीच्या पुढं धरला, जिथून हवा आत जाते तिथं.

"पेटी बरोबर हाय," ते म्हणाले. "तिला मिळणारी हवाच उकळलेली हाय. ही खोली बी पेटीच की. हिला मागून वाट न्हाई."

बराच वेळ ते खिडकीसमोरच्या भिंतीकडं बघत राहिले. मग खाली गेले आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले. स्टुलावर चढून छताच्या थोडं खाली पहिला घाव घातला, तशा मामी जिना चढून आल्या.

"अवो, घर फोडायलाव का?"

"भोक पाडायलोय."

"पावसाळ्यात पाणी येईल!"

"झडप लावीन."

मामी अजून काही बोलतील असं वाटलं. पण त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, आणि हातोड्याच्या आवाजात हळूच म्हणाल्या, "ह्यांचा लहाना भाऊ होता. त्याच मिलमध्ये, गोदामात. मागच्या भिंतीला वारं जायला झरोका होता. गल्लीतल्या लोकांनी तक्रार केली, फोलपट घरात येतंय म्हणून. मालकानं सांगितलं, बुजवा. ह्यांनी बुजवला. स्वतःच्या हातानं, चार विटा लावून. ह्यांना कळत होतं काय होईल, पण बोलले न्हाईत. भाऊ सहा वर्षं त्या धुळीत काम करत होता. मग खोकला लागला. मग गेला."

मिस्त्रींचा बहिरा कान आमच्याकडं होता. विटा एकेक करून सुटत होत्या. मला त्यांच्या त्या सगळ्या उदबत्त्या आठवल्या, लोकांच्या घरात शिरून उघडलेल्या खिडक्या, दवाखान्यातली नर्स. मी उठले, आणि स्टूल धरून उभी राहिले.

चार विटा निघाल्या तेव्हा पलीकडचं आभाळ दिसलं. मिस्त्रींनी केसांवरची माती झटकली आणि मला म्हणाले, "आता तू पेटव." मी उदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध उभी राहिले. धूर आधी सरळ गेला, मग थरथरला, आणि भोकाकडं निघाला.  मिस्त्रींनी पत्र्यावर टाकायला ओली पोती आणायला मला खाली पाठवलं. मी वर आले तेव्हा ते भोकाच्या कडेवरून हात फिरवत होते.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम पुन्हा सुरू केलं. शनिवारी दुपारी आम्ही तिघं मशीनसमोर बसून होतो. दोन वाजले. तीन वाजले. मामींनी शेंगा आणल्या होत्या, पण कुणी सोलत नव्हतं.

"किती दाखवतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"ब्याऐंशी."

"बंद पडलं तवा किती होतं?"

"शंभर."

त्यांनी पेटीमागचा तळहात काढून धोतराला पुसला. "मग चालंल," म्हणाले आणि शेंग फोडली.

रविवारी दुपारी काम पूर्ण झालं. वीज एकदाही गेली नाही, हे लातूरचे उपकार. सोमवारी सकाळी दहाच्या आत मी इंजिनिअरांच्या टेबलावर देखावा ठेवला. त्यांच्या गिऱ्हाइकानं तो दोनदा बघितला आणि म्हणालं, "जिना जरा अंधारा वाटतोय, पण हॉल असाच पायजे." इंजिनिअरांनी पुढच्या दोन इमारतींचे नकाशे माझ्याकडं सरकवले.

वडलांना फोन केला. ते म्हणाले, "मग झेरॉक्सवाल्याला काय सांगू?"

"दुसरं माणूस बघा म्हणावं."

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या घरी मामी आहेत, आणि त्या खोलीत नर्सिंगच्या दोन मुली राहतात. मी तिथं तीन वर्षं काम केलं. आज लातुरात माझं स्वतःचं ऑफिस आहे. चार मशीनं आहेत, चारही मी जोडलेली, आणि दोघीजणी माझ्याकडं काम करतात. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि स्वतःच्या धंद्याची पाटी लावणारीही मीच पहिली.